आप्पांचा व्हिसा

स्वित्झर्लंडचं नाव माझ्यापुढं काढूच नका! खुटबावचे आमचे आप्पा, म्हणजे माझे चुलते, गुलाबाची शेती करतात. नवा रंगीत टीव्ही आला, त्यात त्यांनी बर्फावरून घसरणारी माणसं बघितली आन् म्हणाले, "आपून बी जायचं घसरायला!"

महिनाभर आम्ही दोघं पायाला फळ्या बांधून कडब्याच्या गंजीवरून घसरत होतो. माझी दोन्ही ढोपरं फुटली. पण तिकडं डोंगरावरची खोलीसुद्धा ठरली. राहिला फक्त व्हिसा.

मुंबईला खिडकीवरच्या बाईंनी मला विचारलं, "परत याल कशावरून?" मी कंपनीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, सगळं मांडलं.

मग आप्पांना तोच प्रश्न.

"म्हंजी? यावंच लागंल की! एकवीस तारखेला पाटाच्या पाण्याची बारी हाय माझी."

"आणि नाही आलात तर?"

आप्पा खिडकीत डोकं घालून म्हणाले, "बाई, असं वंगाळ बोलू नका. मी न्हाई आलो तर शेजारचा माझं पाणी त्याच्या उसाला वळवंल. त्याच्या बापानं बी तेच केलं हुतं!"

आठवड्यानं पासपोर्ट आले. आप्पांच्या पासपोर्टावर व्हिसा, माझा कोरा.

मी तोंड पाडून बसलो. आप्पांनी पाठीवर थाप मारली.

"लई ब्येस झालं गड्या! आता पाणी धरायला तू हायसच. मी आठ दिस जादा ऱ्हातो."