टिपक्यांचा खिसा

तुम्ही मला घाबरट म्हणता ना, मग मंचरचं ऐका. ड्रेस डिझाइनचा कोर्स करून मी तिथं एका कापडाच्या दुकानात लागले होते. मी शाळेच्या ड्रेसचं चित्र काढायचं आणि त्यावरून टेलरमास्तरांनी शिवायचं, असं काम. मुलींच्या कुडत्याला मी बाजूला खिसा दाखवला.

शेठ म्हणाले, "पोरींना खिसा कशाला? कापड लई जातं. खोडा तो."

ते नुसते खाकरले तरी मी दचकायचे. मुकाट्यानं खोडला. पण अवसरीहून येताना ड्रेसला खिसा नाही म्हणून एसटीचा पास मुठीत धरून मी अख्खं कॉलेज काढलंय. म्हणून त्याच जागी टिपक्यांची रेघ ओढली. आमच्या चित्रात टिपके म्हणजे आतली, न दिसणारी वस्तू. मास्तरांना ते माहीत होतं, शेठना नव्हतं.

"आता कसं साधं दिसतंय!" शेठ खूश.

नमुना बघायला शाळेच्या मोठ्या बाई आल्या. ऑर्डर त्यांच्याच हातात. शेठनी कुडता उलगडला आणि त्यांचा स्वतःचाच पंजा शिवणीतून आत गेला.

"ओ ताई, ह्ये काय?"

"खिसा." मी म्हणाले. "बाहेरचा खोडला. टिपके म्हणजे आतला. तो मी खोडणार नाही."

बाईंनी खिसा चाचपला, मग कुडत्याची दुसरी बाजू चाचपली. "एकाच बाजूला?"

"ऱ्हायला चुकून, बाई," शेठ म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ताई, तिकडं पण टिपके द्या की! कितीदा सांगायचं तुमाला?"