बोलणारं ॲप
सांगतो, ऐका. आमी तिघा दोस्तांनी आंधळ्यांसाठी मराठी मजकूर मोठ्यानं वाचणारं फुकट ॲप बनवलं होतं. एका कंपनीची नोटीस आली, ‘कोड आमचा चोरलाय, बंद करा.’

धाराशिवच्या कोर्टात गाठलं तवा वकीलबाई म्हणाल्या, “नोटीस म्हणजे निकाल नाही. पुरावे तुमच्याकडं आहेत, उत्तर देऊ.”

कोर्टाबाहेरूनच आमच्या तिघांतल्या संदीपला फोन लावला. तो रडकुंडीला आलेला. “भ्या वाटलं रे. सर्व्हर बंद करून कोडसकट समदं पुसलं.”

“दुसरी प्रत?”

“कुणाकडंच न्हाय.”

तेवढ्यात येरमाळ्याच्या कांबळे सरांचा फोन. त्यांना जन्मापासून दिसत न्हाय.

“ॲप का बोलंना?”

म्या नोटिशीचं सांगितलं.

“काय लिहिलंय तिच्यात? पाठवा, ऐकतो,” म्हणाले, अन् त्यांचं त्यांनाच कळलं.

म्या नोटीस उघडली अन् फोनवरच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवाया लागलो.