पुढच्या अंगणातला ॲश

जनेल: म्हणजे शुक्रवारी बाबा इस्पितळातून घरी यायचे, आणि गुरुवारी तू त्यांचं झाड पाडणार. वेळ छान निवडलीस.

कर्ट: वेळ मी नाही निवडली, ताई. झाडं कापणारा लिफ्टगाडीवाला गुरुवारी मोकळा आहे. गावातली निम्मी ॲशची झाडं मेलीत, त्याच्या दारात रांग लागलीय.

जनेल: महिनाभर थांबलं तर काय बिघडतं?

कर्ट: महिनाभर बाबा तरी थांबतील का?

जनेल: मग तर मुळीच नको. माणूस मरायला घरी येतोय. गाडीतून उतरल्यावर समोर काय दिसणार, तर खुंट आणि भुसा?

कर्ट: तू मिलवॉकीहून महिन्यातून एकदा येतेस. मान वर करून बघितलंयस कधी? शेंडा पार उघडा पडलाय. सुतारपक्ष्यांनी साल सोलून काढलीय, आत अळीनं सगळं पोखरलंय. बुंध्याशी चार फुटवे आलेत, तेवढेच हिरवे.

जनेल: ॲशला पालवी उशिराच येते. बाबाच म्हणायचे.

कर्ट: समोरच्या घरातल्या डोलोरसच्या ॲशला आलीय. ती वर्षाआड माणूस बोलावून खोडात औषध टोचून घेते. बाबांनाही म्हणाली होती, माणूस आलाच आहे, तुमच्याही झाडाला देऊन टाकू. तर हे म्हणाले, झाडाला कसली सुई? माझं झाड ठणठणीत आहे.

जनेल: स्वतःबद्दलही हेच म्हणत होते. रक्त पडत होतं तरी.

कर्ट: हो. आता झाडही गेलं, आणि...

जनेल: बोलू नको पुढचं.

कर्ट: ऐक. मेलेल्या ॲशचं लाकूड फार ठिसूळ होतं. गाडीवाला त्यावर चढायलाच तयार नाही, लिफ्टमधूनच कापणार म्हणतो. मागच्या वाऱ्यात मांडीएवढी फांदी व्हरांड्यावर आली. बाबांचा पलंग व्हरांड्याजवळच्याच खिडकीशी लावायचा म्हणतेयस तू.

जनेल: मग मागच्या खोलीत लावू. तिथून झाड दिसत नाही. निदान घरात येताना तरी त्यांना ते उभं दिसू दे. गाडीवाल्याला सोमवारी सकाळी यायला सांगते मी, हातापाया पडून.

कर्ट: आणि सोमवारी बाबांनी विचारलं तर?

जनेल: रस्त्याचं काम चाललंय म्हणून सांगू.

कर्ट: ते आजारी आहेत. खुळे नाहीत.

(सोमवार सकाळ. मागच्या खोलीत बाबा, आर्विड, पलंगावर. बाहेर करवत सुरू झाली आहे.)

आर्विड: जनेल, हा आवाज कसला?

जनेल: रस्त्याचं काम आहे, बाबा. हे दोन घास घ्या. रूबार्बचे देठ साखरेत शिजवून पाठवलेत डोलोरसनं.

आर्विड: रस्त्याचं काम आपल्या अंगणात?

जनेल: आवाज घुमतो ना, म्हणून जवळ वाटतो.

आर्विड: कागदाच्या गिरणीत जन्म गेला माझा. ओलं लाकूड करवतीखाली गुरगुरतं. हे किंचाळतंय. वाळकं आहे. माझा ॲश आहे तो.

जनेल: सांगणारच होतो तुम्हाला.

आर्विड: कधी? मी गेल्यावर?

जनेल: मीच नको म्हटलं होतं. कर्टवर रागावू नका.

आर्विड: रागवायला अंगात जोर लागतो, पोरी. त्याला आत बोलाव. आणि ती चाकाची खुर्ची इकडे घे.

कर्ट: मी आलोय. काय झालं?

आर्विड: पुढच्या खोलीत ने मला. खिडकीशी.

कर्ट: बाबा, बघवणार नाही तुम्हाला.

आर्विड: या रस्त्यावरची एल्मची झाडं पडली, तीही बघितलीत मी. जनेलच्या वेळी तुझी आई पोटुशी होती तेव्हा. रोग आला आणि बघता बघता रस्ता बोडका झाला. मग रोपवाटिकेवाला म्हणाला, ॲश लावा, ॲशला काही होत नाही. सगळ्यांनी धावत जाऊन ॲशच लावले. पुन्हा एकच जात लावतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जनेल: पाय उचला थोडा. हं. बसलात नीट?

आर्विड: बसलो. खड्डा मी खणला होता. तुझी आई खुर्ची टाकून बसली होती. वाकडं लावलंयस म्हणाली. परत काढायला लावलं मला. पाणी मात्र रोज तिनंच घातलं. गवत कापताना यंत्र खोडाला जरा घासलं, तर दिवसभर बोलायची नाही माझ्याशी.

कर्ट: दार अरुंद आहे, कोपर आत घ्या.

आर्विड: हळू. हं, इथं थांब. शेंडा गेला का?

कर्ट: वरचं सगळं गेलं. आता एकेक फांदी दोरानं उतरवतायत.

आर्विड: डोलोरसचं हिरवं आहे.

जनेल: हो.

आर्विड: तिनं विचारलं होतं मला. डॉक्टरकडे जा, असंही तीच म्हणत होती. कुंपणापाशी उभी राहून.

जनेल: आता नको ते, बाबा.

आर्विड: नको कसं? तिला निरोप दे. औषधाची पाळी चुकवू नको म्हणावं. आता सगळीकडचे ॲश मेले, रोग संपला असेल, असं समजून बसू नको म्हणावं. आर्विडनं सांगितलंय म्हण.

जनेल: तिला खरं वाटायचं नाही.

आर्विड: नाहीच वाटणार.

कर्ट: बाबा, या जागी ओक लावू आपण. मी आणतो.

आर्विड: घर तर विकणार तुम्ही.

कर्ट: अजून काही ठरलं नाही.

आर्विड: विका. तुम्हा दोघांनाही इथं राहायचं नाही, ठाऊक आहे मला. पण आधी लावा, मग विका. याच जागी नको, याची मुळं खाली असणार. जरा बाजूला. आणि नव्या खोडाला चिकटून भुशाचा ढीग घालू नका, साल कुजते.

कर्ट: बरं.

आर्विड: काय रे, डोळे का पुसतोस?

कर्ट: भुसा उडतोय.

आर्विड: खिडकी बंद आहे.

जनेल: असू दे, बाबा. ती बघा, मोठी फांदी आली खाली. अगं बाई, केवढं ऊन आलं आत. थेट तुमच्या तोंडावरच आलंय. पडदा ओढू?

आर्विड: नको. राहू दे. सवय होऊ दे मला.