जावयाच्या बुटांवरची पाच बोटं

...आणि बुटाला लव असावीच कशाला, मी म्हणते? पायात घालायची वस्तू ती, मांजर आहे का कुरवाळायला? तुम्हाला सांगते, लग्नातल्या मानपानावरून रुसलेले आमचे जावई, सौमित्रराव, अधिक महिन्याचं धोंड्याचं जेवण म्हणून पहिल्यांदा परळला आमच्याकडे आले, उंबऱ्याबाहेर फिकट तपकिरी बूट काढले, आणि आमची रुचा माझ्या कानात, "आई, स्वेडचे आहेत, हात लावू नकोस." आज बिनसलं तर हा माणूस पुन्हा यायचा नाही, हे मला कळत नव्हतं का? पण गॅलरीतून जाता-येता कुणी तुडवेल म्हणून, व्रताच्या दिव्यात तेल घालून उठले, त्याच तेलकट हाताने मी ते भिंतीशी सरकवले... अन् बुटावर माझी पाचही बोटं उमटली. काळी. कुणी मागून धरून ठेवल्यासारखी.

आतून आमचे हे, "अगं, तूप वाढ त्यांना." वाढलं. परत येऊन बघते, तर डाग पसरतच होता.

मग ओल्या फडक्याने पुसलं. फडकं लागलं तिथली लव निजली ती निजलीच, अन् डाग पसरतच होता. शेजारची किर्ती दारातून, "काकू, स्वेडला पाणी? मेले ते. कोरडी पिठी टाका, तेल ओढून घेते, मग ब्रशने झटका." शहाणी पोर. धावत गेले, डबा उघडला, पुरुषोत्तमाचं नाव घेत मूठभर पिठी चोपडली... आणि हाताला चिकट लागलं. अनारशांचं पीठ हो ते, साखर घालून मुरवलेलं.

थोड्या वेळाने भिंतीवरून मुंग्या उतरल्या. एकामागून एक, आमंत्रण असल्यासारख्या.

आणि आत पाट सरकला.

जावई बाहेर आले. रुचाचा चेहरा पांढरा. ह्यांनी उगाच घसा खाकरला. सौमित्ररावांनी बूट उचलला, उलटा करून झटकला, नाकाशी नेला. "अनारसा?"

"हो," मी म्हटलं. खोटं कसं बोलू, व्रत चालू होतं.

"मला दोनच वाढलेत, आई."

बूट पिशवीत घातले, ह्यांच्या स्लिपर पायात अडकवल्या, आणि जिन्यावरून म्हणाले, "पुढच्या अधिकाला मी अनवाणीच येईन."

रुचा म्हणते, टोमणा होता. असेल बाई. पण 'येईन' म्हणाले ना?