सोमवारची मशीन

मी मूळची आलापल्लीच्या पल्याडची. बाप माझा जंगलखात्याच्या कामावर सागवान तोडायले जाय, अन् सांजच्याले घरी आला का हातपाय धुवायच्या आधी कुऱ्हाडीच्या पात्याले टोळीचं तेल चोळे. टोळी म्हंजे मोहाचं बी, त्याचं तेल आमच्याकडं दिव्याले चालते, अंगाले चालते, भाजीलेही चालते. माय करवादे, म्हने पोरीच्या डोक्याले तेल नाई अन् कुऱ्हाडीले आहे, तं बाप म्हने लोखंडाले उपाशी झोपवू नये. मंग लग्न होऊन मी इकडं चंद्रपूर जिल्ह्यात आली, तं सासऱ्याचंही तेच, विळा असो का पावशी असो, काम झालं का पुसून, तेल पाजून ठेवनार. मामाजीले पाहून मले बाप आठवे, म्हनून सासर काई परकं वाटलं नाई.

आता हॉटेलाचं सांगते. वाघ पाहायले शहरातले लोक येतेत नं, त्यांच्यासाठी जंगलात हॉटेल बांधलं, आमच्या गावापासून दूर, मधात सारं जंगल. मामाजी तिथी गेटवर चौकीदार, तिथीच गेटच्या खोलीत राहते. सासू हॉटेलाच्या चादरी धुवे, हौदावर, हातानं. काय सांगू तुम्हाले ताई, थंडीच्या दिवसात तिची बोटं अशी फाटत का चादरीले रक्ताचे डाग पडत, मंग तो डाग धुवायले पुन्हा पानी. तिचं वय झालं तं तिच्या जागी मी लागली, अन् माझं नशीब म्हना, त्याच साली मशीन आली. एक धुवायची, एक वाळवायची. सासू एक खेप पाहायले आली होती, वाळवायच्या मशीनीतून निघालेली गरम चादर तिनं गालाले लावली अन् उभीच राह्यली. वर्षभरानं छातीच्या दुखन्यानं गेली.

त्या वाळवायच्या मशीनीच्या आत, दाराजवळ, दोन चपट्या पट्ट्या आहेत लोखंडाच्या, चकचकीत. कपडा ओला असला का दोन्ही पट्ट्यांले लागून त्याच्यातून बारीक करंट जाते, कपडा वाळला का जात नाई, मंग मशीन समजते झालं काम, अन् आपोआप थांबते. मानसानं कपडा चिमटीत धरून पाहावं ना, तसंच. हे मले नागपूरच्या मिस्त्रीनं समजावून सांगितलं, चांगला होता तो, बाई बाई करून बोले.

तं झालं काय, सासू गेल्यावर दोनचार महिन्यांनी मशीन बिघडली. चादरी टाकाव्या, चालू करावी, जरा फिरली का थांबे. दार उघडावं तं चादर ओलीकच्च. मशीन म्हने झालं, चादर म्हने नाई. पुन्हा चालू करा, पुन्हा थांबे. पाहुने तं सांजच्याले येनार, त्यांच्या बिछान्यावर वाळली चादर पाहिजेच, मंग मी काय करू, खोलीत दोऱ्या बांधून पंख्याखाली टांगू, इस्त्री फिरवू फिरवू वाळवू. अन् गावाकडची जीप पाच वाजता निघे. ती गेली का झालं. पायी कोन जाते बाप्पा, नाल्यावर वाघीन अन् तिचे पिल्लं, मागच्या साली आमच्या गावच्या एका बाईले नेलं तिनं. गेटही लावून टाकत. मंग मी मशीनीच्या त्या टिनाच्या खोलीतच राहू, खिडकी नाई, सारा ओल्या कपड्याचा वास, अन् तिकडं गावात माझी पोट्टी प्रज्ञा एकटी. घरधनी माझे बल्लारपूरले कोळशाच्या ट्रकवर, पंधरा दिवसातून एकदा येतेत. पोट्टी शेजारच्या काकूकडं झोपे. सकाऊन फोन केला का म्हने, आई, आजही मशीनच का?

हॉटेलाचा सायेब म्हने तू मशीन बरोबर चालवत नाई. म्हटलं मी बरोबरच चालवून राह्यली. मंग घड्याळावर चालवून पाह्यली, का एवढा वेळ फिरव म्हटलं का फिरते, तं पातळ चादरी करपून पिवळ्या झाल्या अन् जाडे टॉवेल ओलेच. सायेबानं ते बंद करायले लावलं. मिस्त्रीले फोन लावला, तो म्हने जाळीतला धागादोरा काढा, काढला. म्हने बोटं ओली करून दोन्ही पट्ट्यांवर ठेवा, लाल दिवा लागते का पाहा. नाई लागला. तं तो शनिवारी सोता आला, त्यानं बोटं ठेवली तं टप्पकन दिवा लागला. म्हने सगळं तं ठीक आहे. तरी सायेबाच्या म्हनन्यावरून त्यानं नव्या पट्ट्या बसवल्या, दुसऱ्या दिवशी रविवार, आमची सुट्टी, अन् सोमवारी मशीन पुन्हा तशीच. सायेब माझ्याकडं असा पाहे का मीच काई करून राह्यली.

मंग माझ्या ध्यानात आलं का ही सोमवारीच जास्त बिघडते. आठवडाभर थोडीथोडी सुधरत जाते, शनिवारी बऱ्यापैकी, अन् सोमवारी निरा आंधळी. मिस्त्रीले सांगितलं तं तो म्हने बाई, पट्टीवर कशाचा तरी थर बसून राह्यला, तो करंट जाऊ देत नाई. मालिशच्या खोलीतले तेलकट टॉवेल असतीन. म्हनून ते टॉवेल वेगळे काढले, वेगळे वाळवले. तरी तेच.

एका रविवारी मोठी पार्टी आली होती, म्हनून मले बलावलं. दुपारची लाइट गेली होती, मी चादरीच्या ढिगाऱ्यामागं भिंतीले टेकून बसली होती, जरा डोळा लागला असन. तं दार वाजलं. पाहते तं दारातल्या उजेडात मामाजी. चपला बाहेर काढल्या, जसे विहारात जाताना काढतेत, अन् मशीनीचं दार उघडून खिशातून बारकी शिशी काढली, फडकं काढलं. मले वासावरूनच समजलं. टोळीचं तेल. आत हात घालून एकएक पट्टी अशी चोळत होते जशी आजारी मानसाच्या पायाची नळगी चोळतेत, अन् हळूहळू बोलत होते, घे माय, पोटभर घे, अन् माझ्या बाईले पाचाच्या आत घरी धाडजो, पोट्टी एकटी आहे.

पहिले तं राग आला ताई, खोटं कशाले सांगू, वाटलं उठून शिशी फेकून द्यावी, एवढ्या रात्री माझ्या त्या खोलीत गेल्या, पोट्टी माझी परक्याच्या दारी झोपली, अन् कोनापायी तं घरच्याच मानसापायी. अन् मंग त्याचं बोलनं कानात आलं तसं रडू आलं. तोंडावर चादर दाबून बसली. मामाजी दार लावून, मशीनीले हात लावून पाया पडल्यासारखं करून गेले.

सांजच्याले मी त्याच्या खोलीवर चहा घेऊन गेली. म्हटलं मामाजी, मिस्त्री म्हनते मशीनले कोनी हात लावू नये. तं ते म्हने, मिस्त्रीले काय समजते, तुह्या सासूचे हात तू पाह्यले होते ना? जनमभर मी तिच्या हातासाठी काई करू शकलो नाई. ह्या मशीननं तुह्ये हात वाचवले. तिले मी उपाशी ठेवू? तुमच्या तेलानंच मशीनीचे डोळे गेले असं म्हटलं असतं तं तो मानूस खचला असता. अन् सायेबाले सांगावं तं म्हाताऱ्याले काढून टाकतीन, वरून मशीन नासवली म्हनतीन.

म्हनून आता माझं असं झालं. सोमवारी सकाऊन जीपमधून उतरली का पहिले लॉन्ड्रीत जाते, मालिशच्या खोलीतली स्पिरीटची बाटली मागून आनते, अन् त्याच पट्ट्या पुसते, जोर लावून, तेल थंडीत तुपावानी गोठून बसते ते नखानं काढा लागते. मंग बोटं ओली करून ठेवते. लाल दिवा लागला का चादरी टाकते. रविवारी मामाजी लावते, सोमवारी मी पुसते. चादरी वाळतेत, मी पाचच्या जीपनं घरी. सायेब म्हनते शेवंताबाईचा हात लागला का मशीन सुधरते.

तुम्ही म्हनान मंग बरं झालं. पन ऐका. औंदा आमच्या गावच्या शाळेत खिचडी शिजवायले बाई पाहिजे होती. गुरुजी पहिले माझ्याच घरी आले. घरापासून हाकेवर शाळा, प्रज्ञा तिथीच शिकते, दुपारी मोकळी. ती तं नाचायलेच लागली, म्हने आई तू रोज घरीच राह्यशीन. अन् मी गुरुजीले नाई म्हटलं. मी गेली तं इथी दुसरी बाई येईन, तिले सोमवारचं काय माहीत, मशीन पुन्हा बंद पडन, पुन्हा मिस्त्री, पुन्हा पट्ट्या, अन् कधी ना कधी कोनीतरी रविवारी त्याले पाहीनच. गुरुजी म्हने विचार कर. गाव म्हने हॉटेलाची हवा लागली तिले. प्रज्ञा दोन दिवस माझ्याशी बोलली नाई. तिले खरं सांगता येत नाई, ती आबाजीची भारी लाडकी, पोटात ठेवनार नाई.

आजारपनातही सोमवार सोडत नाई मी. बहिनीच्या पोरीचं लग्न सोमवारी होतं, नाई गेली.

सांजच्याले जीप गेटमधून निघते तं मामाजी बांबू वर करते अन् आत डोकावून पाहते. काऊन बाई, सुटली टायमावर? मी म्हनते हाव मामाजी, मशीन बरी चालली. तं असा हसते, बोळकं तोंड, जसं त्यानंच मले हातानं सोडवलं. देवाले तं आम्ही मानत नाई, ताई. पन म्हाताऱ्याचा हात असाच चालत राहो, एवढं मी रोज म्हनते. तो हात थांबला का मी सुटनार, हे मले ठाऊक आहे. म्हनूनच म्हनते, चालत राहो.