तापीपल्याड जाणारं जनावर

(तळोद्याजवळच्या गावातलं भिला शेतकऱ्याचं घर, साल १९१९. भिला घरातल्या भिंतीवर गेरूने चित्र काढतो आहे. लग्नघरच्या भिंती आणि बैलगाड्या रंगवणारा वहाब चितारी त्याला शिकवायला आला आहे. खाटेवर भिलाची आजारी मुलगी तुळशी झोपली आहे.)

वहाब : राग धरू नकोस भिलाभाऊ, पण हा बैलच आहे.

भिला : बैल कसा? पंख शेत ना त्याले.

वहाब : मग पंखवाला बैल. अरे, मान मोराची पाहिजे म्हणालास ना? मोराच्या मानेवर जुवाचा घट्टा कुठून आला?

भिला : तो आपोआप आला. मान काढली का घट्टा येसच.

वहाब : येणारच! जन्मभर नांगरामागून बैलच बघितलेस तू. पूस तो. आणि हे पाय बघ, चिखलात रुतल्यासारखे. हरणाचा पाय म्हणजे टेकला न टेकला. असा. बारीक कर.

भिला : पाटीवर तर बरे येत व्हते.

वहाब : भिंत म्हणजे पाटी नव्हे. दे इकडे कुंचला, चुटकीसरशी काढून देतो. मी सिंहाला सोंड लावलीय, घोड्याला बाईचं तोंड लावलंय. वऱ्हाडी जेवण सोडून बघत बसतात.

भिला : नको चाचा. तुमचा हात लागला तर ती वळून पण बघणार नही.

वहाब : एवढीशी पोर, आणि हट्ट केवढा!

भिला : ती म्हणस, परक्याच्या हातचं जनावर माले पाठीवर बसू देणार नही. आबाच्या हातचं देईन. काय खोटं बोलस? आपला तांबडा बैल दुसऱ्या कोणाले जवळ येऊ देस का?

वहाब : पाठीवर बसून जायचंय कुठे तिला?

भिला : तापीपल्याड.

वहाब : तिकडे कोण आहे तुमचं?

भिला : मागच्या साली मानमोडीच्या साथीत कौसा गेली ना. पोरगी सारखी विचारे, आई कोठे गेली, आई कोठे गेली. मी काय सांगू? तापीच्या काठावरच जाळली तिले. म्हटलं, पल्याड गेली. पाणी फार शे, नाव मिळत नही, म्हणून येता येत नही तिले.

वहाब : या अल्ला.

भिला : आता म्हणस, तिले येता येत नही तर मीच जाते. उडणारं जनावर काढून द्या. तळोद्याच्या डॉक्टरनं पण हात टेकले, चाचा. पेज पोटात राहत नही. उचलली तर हातात काही लागत नही.

वहाब : बस, बस. पोर जागी होईल. तू पंख पुरे कर. मी तेवढ्यात बाकीचे कुंचले धुऊन आणतो.

तुळशी : आबा, कोण बोलस?

भिला : वहाबचाचा व्हते, बाहेर गेले. झोप तू.

तुळशी : झालं का ते? माले बसवा ना.

भिला : थांब, एवढं काढू दे. हं. आता ये. मन्हा हातावर टेक. दिसस का?

तुळशी : माय वं! केवढं मोठं शे!

वहाब : जागी झाली का मालकीणबाई? आता तूच सांग, तुझ्या आबाचं काय काय चुकलं. मी सांगून थकलो.

तुळशी : मान चांगली शे. पाय पण चांगले शेत. पण डोळे भ्यालेले शेत.

वहाब : काढणारा भ्यालेला, मग डोळे कसे हसतील?

तुळशी : आणि शेपूट गायीचं कसं? मी मोराचं म्हटलं व्हतं.

भिला : माशा हाकलायले पाहिजे ना.

तुळशी : वर कोठल्या माशा, आबा!

वहाब : हसली! भिलाभाऊ, हसली बघ पोर!

तुळशी : आबा, त्याच्या पायाजवळ ते काय शे?

भिला : कोठे काय?

तुळशी : मागच्या पायाजवळ. दावं शे ते. तुम्ही खुंट्याले बांधलं त्याले.

वहाब : बघू. अरे भिला, हे मघाशी नव्हतं. मी बाहेर गेलो तेवढ्यात काढलंस?

भिला : जनावर काय मोकळं सोडतात घरात? कोणी पण बांधस.

वहाब : गायबैलाची गोष्ट निराळी. हे उडणारं...

भिला : राहू द्या चाचा! मान तुम्ही सांगितली तशी केली. पाय तुम्ही सांगितले तसे केले. एवढं एक मन्हं राहू द्या. एवढंच तर मागतो.

वहाब : राहू दे, भाऊ. चित्रातलं मला समजतं. इथे माझी अक्कल चालत नाही.

तुळशी : आबा, रडता का तुम्ही?

भिला : नही. गेरू गेला डोळ्यात.

तुळशी : मी दमली शे, आबा. छातीत लई दुखस. तुम्ही झोपता ना, तवा मी कण्हत पण नही. तुमची झोप मोडीन म्हणून.

भिला : मी झोपत नही, माय. माले सगळं ऐकू येस.

तुळशी : मग पुसा ना दावं. आई माले उचलून घेईन.

भिला : आणि मी? मी काय करू या घरात एकटा?

तुळशी : तुम्ही बैलांले पाणी पाजा. तुम्ही पण आले तर त्यांले कोण पाजीन?

वहाब : भिलाभाऊ, हा ओला फडका घे.

भिला : तुम्ही पुसा, चाचा. मन्हा हात उचलत नही.

वहाब : ना भाऊ. हे तूच पुसायचं. मी तिला धरून बसतो.

तुळशी : पुसलं का, आबा?

भिला : पुसतोय ना, माय. गेरू शे हा. लवकर निघत नही.