यंदा घमेलं भरायचं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या बस आगाराचे व्यवस्थापकसाहेब. प्रमुख पाहुण्या, झाडांच्या डॉक्टरीणबाई. सत्कारमूर्ती मोठे मिस्त्री. पहिल्या रांगेतल्या वहिनी. आणि हातातला पाना खाली ठेवून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी बजावलंय, आधी गुणगौरव, बातमी नंतर. पण सकाळपासून ती बातमी माझ्या पोटात मावत नाहीये. तरी क्रम पाळतो.

मोठ्या मिस्त्रींबद्दल मी काय बोलावं? पाना धरायला मी त्यांच्याकडेच शिकलो. बस फाटकातून आत येताना नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं सांगतात. घरी मात्र तीनदा हाक मारल्याशिवाय ऐकू येत नाही म्हणे. वहिनी मान डोलावतायत, म्हणजे मी खोटं बोलत नाही.

आपल्या आगाराची रीत तुम्हाला ठाऊक आहे. निवृत्त होणाऱ्यानं वर्कशॉपसमोरच्या शिरीषाच्या बुंध्याशी घमेलंभर माती आणि बादलीभर पाणी घालायचं. मिस्त्रींचे वडीलही इथेच मिस्त्री होते, त्यांनीही घातलं. किती माणसांची माया तिथे साठली असेल? आणि तिथेच घोळ झाला. मागच्या वर्षी बुंध्याला तपकिरी छत्र्या फुटल्या, एका अंगाच्या फांद्या वाळल्या. डॉक्टरीणबाईंनी लाकडी हातोडी ठोकली, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज. म्हणाल्या, "मुळांना बुरशी लागलीय. तुम्ही लाडानं झाडाला गळ्यापर्यंत पुरलंत." अति तिथे माती म्हणतात, आम्ही ती घमेल्यानं घातली.

वरून हुकूम आला, उद्या झाड बसवर कोसळलं तर? तोडून टाका. मिस्त्रींनी विचारलं, "बाई, हे बरं होईल?"

"बरं नाही होणार. सांभाळता येईल."

"मग सांभाळू. माझा गुडघाही बरा होणार नाही. तोडायचा का तो?"

अध्यक्षसाहेब, तेव्हा तुम्ही हसलात आणि मिस्त्रींच्या निवृत्तीपर्यंत मुदत दिलीत. आम्ही लागलो कामाला. झाडाखालच्या बस हलवल्या, बस धुतल्याचं पाणी दुसरीकडे वळवलं, वरच्या फांद्यांचा भार उतरवला, कुंपण घातलं. राहिली माती. तिला कोणी हात लावेना. कुणाच्या मामानं घातलेली, कुणाच्या सासऱ्यानं. शेवटी मिस्त्री दुखरा गुडघा टेकून बसले. म्हणाले, "पहिलं माझ्या बापाचं काढतो." मुळाला ओरखडा न काढता ते खुरप्यानं माती काढत होते आणि डोळे पुसत होते. धूळ गेली म्हणाले. आम्हीही धूळच म्हणालो.

आता बातमी. आज सकाळी बाईंनी झाडाला दोर बांधून, ताण देऊन मापं घेतली. निम्म्याहून जास्त मुळं घट्ट आहेत. कुंपणाकडच्या अंगाला नवी मुळं फुटलीत. बुरशी आहे, ती राहणार, दर वर्षी तपासावं लागणार. पण झाड तोडायचं नाही, साहेबांनी आत्ता सही केलीय. मिस्त्री, बसा हो, माझं संपलेलं नाही.

आज रीत उलटी करायची आहे. बुंध्याशी घमेलंभर माती मुद्दाम ठेवलीय, ती तुम्ही भरून बाहेर काढायची. वहिनी, ती घरच्या कुंड्यांत नेऊ नका, तुमच्या गुलाबालाही बुरशी लागेल. तिच्यासाठी बाईंनी वेगळा खड्डा केलाय.

पाहुण्यांचे, अध्यक्षांचे आणि एवढा वेळ मला सोसणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाच्या घरातलं बाहेर काढलं असेल, तर आपलं म्हणून पोटात घाला.

आणि मिस्त्री, यापुढे दर वर्षी बाई हातोडी ठोकतील, तेव्हा तो आवाज ऐकायला आम्हाला तुमचा कान लागेल. झाड उभं आहे तोवर तुम्हाला यावं लागेल. निमंत्रणपत्रिकेवर 'निरोप' छापलंय, ती आमची चूक समजा.